मी उठलो होतो

नोव्हाय, मिशिगन

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

बोललेलं तुझ्या कानावरून निघून जातं, पण लिहिलेलं तू तीनदा वाचतोस. म्हणून हे पत्र.

परवा डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये तू २८५७ नंबरच्या बसमध्ये खिडकीशी बसलास. जनरल मोटर्सची, १९४८ सालची गाडी, हे तूच मला सांगितलंस. ती कित्येक वर्षं अलाबामातल्या एका शेतात गंजत पडली होती हे ऐकून तुझा चेहरा उतरला. मला त्या बसचं वेगळंच काही सांगायचं होतं, पण मागे रांग खोळंबली होती.

१ डिसेंबर १९५५ला अलाबामातल्या माँटगमरीत त्याच बसमध्ये एका गोऱ्या प्रवाशाला जागा हवी होती, म्हणून ड्रायव्हरने तेव्हाच्या वर्णभेदी कायद्याच्या जोरावर चौघा कृष्णवर्णीयांना उठायला लावलं. तिघं उठले. रोझा पार्क्स उठल्या नाहीत. शेजारचा उठला तशा त्या खिडकीकडे सरकल्या. हो, खिडकीकडे! त्यांना अटक झाली आणि पुढे ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय बसमध्ये चढलेच नाहीत. त्याच गावात नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन नावाची मुलगीही अशीच बसून राहिली होती. वय १५. तुझ्याएवढी.

तुझ्या ऑटिझममुळे शाळेत तुला परीक्षेला वेगळी खोली मिळते, हेडफोन चालतात. ही कुणाची मेहेरबानी नाही. १९७३च्या कायद्यात अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं कलम ५०४ आलं, पण त्याच्या नियमांवर सरकार सही करेना. तेव्हा एप्रिल १९७७मध्ये अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत जाऊन बसली, ती जवळजवळ महिनाभर हललीच नाहीत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्स संघटनेची माणसं त्यांना गरम जेवण पोचवत. जागा न सोडणं म्हणजे काय, हे त्या पँथर्सना समजावून सांगावं लागलं नसणार.

आता माझं. दर २ एप्रिलला मी ऑटिझम जागरूकतेचा निळा शर्ट घालतो. शर्ट घालायला काय लागतं! गेल्या वर्षी गाण्याच्या कार्यक्रमात तू हात हलवत गुणगुणत होतास. मागच्या बाई वाकून म्हणाल्या, "जरा बाहेर नेता का याला?" आणि मी उठलो. वर सॉरीही म्हणालो. गाडीत तू विचारत राहिलास, "संपलं?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. भैरवी राहिली होती.

त्या बाईंना मी त्या ड्रायव्हरच्या पंगतीत बसवत नाही. त्यांच्या मागे ना कायदा होता, ना पोलीस. म्हणून तर माझं उठणं मला जास्त टोचतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली आहेत. चौथी रांग, कडेच्या दोन खुर्च्या. आवाज सोसेना झाला तर माझ्या मनगटावर दोनदा टकटक कर, लगेच निघू. तू टकटक केली नाहीस तर भैरवीपर्यंत बसायचं.

तुझा,
बाबा