औलीचा बर्फ आणि जोशीमठची जमीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पानांवर उत्तराखंडातले स्कीचे ठिकाण औली येते. पांढराशुभ्र उतार, मागे नंदादेवी आणि खाली सहलीचे दर. हा उतार ज्या डोंगरावर आहे त्याविषयी मात्र एक अवाक्षर नसते. त्याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

मी औली पाहिली ती बर्फ नसताना. ऑक्टोबर २०१६ मध्ये क्वारी पासच्या ट्रेकला गेलो होतो. औलीच्या खाली असलेल्या जोशीमठहून रोपवेने निघालो. सुमारे चार किलोमीटरच्या त्या प्रवासात पायाखाली आधी घरांची छपरे, मग देवदारांचे शेंडे सरकत गेले. वर पोहोचलो तर स्कीचा प्रसिद्ध उतार म्हणजे पिवळे पडलेले गवत होते. जानेवारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी इथे कृत्रिम बर्फाची यंत्रे आणली गेली आणि त्यांच्या पाण्यासाठी तळे बांधले गेले. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान इथेच स्की शिकतात. हा वारसा मोठाच आहे, पण तो ज्या मातीवर उभा आहे ती माती कच्ची आहे.

जोशीमठ हे गावच मुळी एका जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. मोठमोठे धोंडे, वाळू, माती. खाली विष्णुप्रयागला धौलीगंगा आणि अलकनंदा डोंगराचा पायथा कोरतात आणि वरच्या उतारावरचे पाणी याच ढिगाऱ्यात मुरते. १९७६ साली, जोशीमठच्या खचणाऱ्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी मिश्रा समितीने स्पष्ट सांगितले होते: इथे अवजड बांधकाम नको, धोंडे फोडू नका, झाडे लावा, पाण्याचा नीट निचरा करा. गाव मात्र वाढतच गेले. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि रोपवेही बंद करावा लागला. आमच्या वाटाड्याने तेव्हा फोटो पाठवला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेल्या भेगेत त्याच्या आईचा हात मनगटापर्यंत गेला होता. त्याच स्वयंपाकघरात आम्ही चुलीपाशी बसून मंडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकरी खाल्ल्या होत्या.

मी आंबेगाव तालुक्यातला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्या तालुक्यातले माळीण गाव डोंगराने गिळले. मग तळिये, मग इर्शाळवाडी. त्यामुळे डोंगर सरकतो म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

औलीला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. पर्यटनावर तिथली घरे चालतात. पण जायचे तर त्या डोंगराला झेपेल असे जावे. औलीच्या वर बांज (ओक) आणि देवदारांच्या जंगलातून गोरसन बुग्यालला, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणाला, पायवाट जाते आणि तिथून द्रोणागिरी, हाथी पर्वत, नंदादेवी एका रांगेत दिसतात. त्यासाठी चकाचक हॉटेल लागत नाही. वाटाडे आणि खेचरवाले गावातलेच मिळतात. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, तेव्हा ट्रेकच्या ग्रुपवर बरीच आदळआपट झाली. मला तो निर्णय पटला. तंबूभोवती खणलेले चर आणि त्यांतून धुपून गेलेली माती मी पाहिली होती.

आपल्याला विनंती एवढीच, की यंदा औलीवर लेख छापाल तेव्हा जोशीमठच्या भेगांनाही चार ओळी द्या. बद्रीनाथला जाणारा मराठी यात्रेकरू याच गावातून जातो; त्यालाही ते कळायला हवे. आणि सहलींच्या जाहिराती देणाऱ्यांना एवढे जरूर विचारा, की तुमचे पर्यटक राहतात त्या हॉटेलचे सांडपाणी कुठे जाते?

आपला,
एक वाचक, मंचर (जि. पुणे)