लॅन दिसत नाही म्हणून मदरबोर्ड बदलू नका

महोदय,

खानापुरात मी डीटीपीचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं काम करतो, जोडीला कॉम्प्युटर दुरुस्ती. वळीव सुरू झाला की एक ठरावीक तक्रार येते. रात्री गडगडाट झालेला असतो, सकाळी पीसी नीट सुरू होतो, फक्त लॅन, म्हणजे केबलनं नेट जोडायची सोय, गायब. नेट बंद पडणं वेगळं. इथं पीसीला लॅनचं कार्डच सापडत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’खाली त्याचं नाव नसतं आणि केबल लावली तरी पोर्टवरचा दिवा पेटत नाही.

अशा वेळी ‘बोर्ड गेला’, म्हणजे पीसीचा मुख्य सर्किट बोर्ड (मदरबोर्ड) जळला, असं सांगून मोकळं व्हायची सवय काही दुकानांना लागली आहे. तालुक्यातल्या एका कृषी पत्तीन (शेती पतपुरवठा) सोसायटीचा क्लार्क सीपीयू पिशवीत घालून बसनं बेळगावला गेला. तिथं डबा न उघडताच नव्या मदरबोर्डचं कोटेशन हातात पडलं. परतताना तो माझ्याकडे आला. मी भिंतीतला प्लग काढला, लॅन केबल काढली आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. पुन्हा जोडल्यावर पोर्ट हजर! यात जादू काही नाही. पीसी शटडाऊन केला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत बोर्डाला पाच व्होल्ट मिळत राहतात आणि लॅनची चिप त्यावर जागी असते. ती अडकली की नुसत्या रिस्टार्टनं सुटत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ‘ऑनबोर्ड लॅन’ बंद तर नाही ना, ते बघावं. विंडोज नुकतंच नव्यानं टाकलं असेल आणि ‘इथरनेट कंट्रोलर’वर पिवळा त्रिकोण दिसत असेल तर फक्त ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हवा. नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून, असं लोक विचारतात. मोबाईल यूएसबीनं जोडून टेथरिंग (मोबाईलचं नेट पीसीला देणं) चालू करा, झालं. चिप खरोखर जळली असेल, पण बाकी बोर्ड चालत असेल, तरी हजार रुपयांच्या आत लॅन कार्ड किंवा यूएसबी अ‍ॅडाप्टर मिळतो.

आणखी एक. गडगडायला लागलं की आपली माणसं प्लग काढतात, लॅनची वायर मात्र तशीच राहते. फायबर आलंय म्हणून निर्धास्त राहू नये. काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरं, पण नेटच्या पेटीपासून (राउटरपासून) पीसीपर्यंतची वायर तांब्याचीच असते. एका घराच्या छपरावरून दुसऱ्या घरात लॅन केबल ओढली असेल तिथं तर धोका फारच.

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या दुकानदारांना विनंती, की बोर्ड बदलायला सांगण्याआधी काय काय तपासलं ते बिलावर लिहून द्यावं. गिऱ्हाइकांनीही, बोर्ड बदललाच तर जुना मागून घ्यावा. लॅन कार्ड लावून तो घरी मुलांसाठी चालू शकतो.

– एक डीटीपी व्यावसायिक, खानापूर (जि. बेळगाव)