मानेवरचा काळा पट्टा

महोदय,

मुलांच्या वाढत्या वजनाचा विषय निघाला की सगळे वडापाव-पिझ्झावर घसरतात. माझा दहावीतला मुलगा हातापायांनी काटकुळाच, पोट तेवढं सुटलेलं. त्याच्या मानेमागे काळा पट्टा दिसायला लागला तेव्हा ‘नीट घासत नाहीस’ म्हणून वर्षभर मी त्याच्या मागे लागले. बेसन-लिंबूही चोळून झालं. डॉक्टरांनी मान बघताच विचारलं, ‘घरात मधुमेह कुणाला?’ तो मळ नव्हताच. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ते जास्तच तयार होतं आणि त्याची खूण मानेवर, काखेत अशी उमटते.

नुसता वजनकाटा आपल्याला फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1!

आता माझ्या मुलाचा दिवस बघा. सातची शाळा, म्हणून साडेपाचला उठणं. क्लास सुटतो रात्री नऊला, जेवायला दहा वाजतात. मग गृहपाठ, मग मोबाइल (तो आम्हीच घेऊन दिला, हे कबूल). अंथरुणाला पाठ टेकते साडेबाराला. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, याला मिळते पाच तास. वयात येताना झोप मुळातच उशिरा लागते, त्याला आपण आळस म्हणतो. जागरणाने भूक चाळवते, आणि ती भाकरीने भागत नाही. खेळाचा तास तर नववीतच गणिताने गिळला.

झोपेचा विचार करून शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. मोठ्या मुलांना झोप नको का? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. पण संध्याकाळी भुकेच्या वेळी पोरं असतात क्लासच्या दारात.

क्लास साडेसातला सोडा, अशी आम्ही काही पालकांनी विनंती केली. ‘मग दुसरी बॅच बसवायची कुठे?’ असं उत्तर मिळालं. आणि पुढच्या वर्षाची फी आम्ही सगळ्यांनी आधीच भरलेली आहे.

– एक पालक, पुणे