मित्रास पत्र: सगळ्यांचं एकच पातेलं

नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला. फोन केला असता, पण अशा गोष्टी फोनवर अर्ध्या राहतात, आणि तुला त्या रश्श्याची कृतीही हवी आहे. म्हणून दुपारची झोप सोडून लिहायला बसलोय.

छकुलीला सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार) निघाला हे वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडं हायसंही वाटलं. किती दिवस ती पोरगी पोट दुखतं म्हणत होती, उंची थांबली होती, हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं, आणि जो तो जंतांचं औषध सुचवत होता. आता निदान शत्रूचं नाव तरी कळलं. बाकी औषधपाणी, लोह, व्हिटॅमिनं हे सगळं डॉक्टर सांगतील तसं. पण एक लक्षात ठेव: घरात एकाला निघाला की सख्ख्या भावंडांची आणि आईबापांची रक्ततपासणी करायची असते. धाकट्याची करून घ्याच, आणि ती होईपर्यंत त्याची पोळी बंद करू नका. गहू आधीच सोडला तर तपासणीत काही सापडत नाही.

वहिनींनी छकुलीसाठी वेगळा कप्पा केला हे उत्तम केलं. पण त्या कप्प्यात तो महागडा ग्लुटेन-फ्री ब्रेड, बिस्किटं आणि पास्ता भरलाय, त्याचं मला फारसं कौतुक नाही. प्रवासात, शाळेच्या सहलीला ठीक आहे. रोज नको. बरेचदा त्यात नुसता स्टार्च आणि साखरच असते. आणि माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. कप्पा वेगळा ठेवा, ताट वेगळं करू नका. आमच्या हिचं निदान झालं तेव्हा पहिले काही महिने सगळ्यांना पोळ्या आणि हिला बाजूला काहीतरी, असं चालायचं. आजारापेक्षा त्या ‘बाजूला काहीतरी’चाच हिला जास्त त्रास व्हायचा. मग आईनेच एक दिवस जाहीर केलं, “रात्री या घरात पोळी होणार नाही. ज्याला हवी त्याने सकाळी बाहेर खावी.” विषय संपला. छकुली तर नऊ वर्षांची आहे. समोर भाऊ पोळी-तूप हाणतोय आणि आपल्याला ते पांढरं कोरडं बिस्किट, हे त्या वयात कोण सहन करील?

आता रस्सा. आमची कन्या त्याला ‘स्ट्यू’ म्हणते, आई ‘डांगराचं कालवण’ म्हणते; डांगर म्हणजे लाल भोपळा. या दिवसांत हवा अशी असते की दुपारी ऑक्टोबर हीट आणि पहाटे पांघरूण. संध्याकाळी सात वाजता काहीतरी गरम, दाट, वाडग्यात घेऊन बसावंसं वाटतं. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आमच्या गोदाकाठच्या) बाजारात गेलं की सगळा माल एका फेरीत मिळतो. डांगर कापून ठेवलेलं असतं, आतला रंग पाहून घ्यायचं, फिकट असेल तर पाणचट निघतं. नवरात्र संपल्यामुळे रताळ्यांचा भाव उतरलेला असतो. ओल्या शेंगा असतात. पिंपळगावकडचा टोमॅटो अजून जोरात असतो. कांदा मात्र या दिवसांत बघून घ्यावा लागतो, चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला, बराचसा कोंब फुटलेला, आणि नवा लाल अजून नीट यायचाय.

पाच जणांसाठी अर्धा किलो डांगर, दोन मध्यम रताळी, एक वाटी अख्खा मसूर दोन तास भिजवून, मूठभर ओले शेंगदाणे, दोन कांदे, तीन टोमॅटो. जाड बुडाचं पातेलं घे, कुकर नको. तेलात जिरं, मग बारीक चिरलेला कांदा, आणि इथे घाई करायची नाही. कडेने तपकिरी होईपर्यंत दहा-बारा मिनिटं तरी लागतात, आणि रश्श्याची सगळी गोडी तिथेच तयार होते. मग आलं-लसूण, हळद, दीड चमचा काळा मसाला (छकुलीला अर्धाच). मसूर आणि शेंगदाणे टाकून सहा वाट्या पाणी. मसूर बोटांत दाबला की फुटेपर्यंत टोमॅटो घालू नकोस. आंबट पडलं की कडधान्य शिजायला हट्ट करतं. मसूर मऊ झाला की टोमॅटो, मीठ, रताळ्याच्या फोडी. रताळं अर्धं शिजलं की डांगर सगळ्यात शेवटी, सालीसकट, मोठ्या फोडी. आधी टाकलंस तर त्याचा लगदा होतो आणि पोरं विचारतात की यात डांगर कुठंय.

दाटपणा आणायचं आमचं गुपित म्हणजे नागली, म्हणजे तुमची नाचणी. दोन चमचे पीठ कोरड्या तव्यावर खमंग वास येईपर्यंत भाजायचं, पूर्ण गार करायचं, अर्धी वाटी गार पाण्यात कालवून धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं. पीठ तसंच उकळत्यात टाकलंस तर गुठळ्या झाल्याच. पाच-सहा मिनिटांत रस्सा चमच्याला धरायला लागतो, रंग जरा सावळा होतो, त्याला घाबरू नकोस. वहिनींना सांग, मैद्याशिवाय दाटपणा येत नाही ही समजूत चुकीची आहे. दाटपणा स्टार्चचा असतो, ग्लुटेनचा नाही, आणि स्टार्च नागलीत भरपूर असतो. वरून गुळाचा खडा, लिंबू, कोथिंबीर. बरोबर घोटीकडचा इंद्रायणीचा भात, नाहीतर नव्या बाजरीची भाकरी.

हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ती गिरणी. नागली, ज्वारी, बाजरी, तांदूळ, वरई, राजगिरा, यांत ग्लुटेन नसतंच. ते असतं गव्हात, जवात आणि आपल्याकडे सहसा न मिळणाऱ्या राय नावाच्या धान्यात. पण कोपऱ्यावरच्या गिरणीत तुझी नागली पडते ती कुणाच्या तरी पाच किलो गव्हामागोमाग. जात्यात अडकलेलं ते पीठ तुझ्या डब्यात उतरतं. आता हिशोब बघ: आपल्याकडे एखाद्या पदार्थाला ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. गिरणीच्या तोंडाशी पांढरा थर दिसतो ना, त्यातलं चिमूटभरही जास्तच. गिरणीवाला बिचारा सांगतो, “आधी तांदूळ काढून घेतो साहेब.” त्याचा हेतू चांगला आहे, पण त्यावर विसंबता येत नाही.

आम्ही शेवटी घरघंटी घेतली. ती आली त्याच आठवड्यात शेजारच्या काकू डबा घेऊन दारात, “दोन किलो गहू तेवढे काढून दे गं.” हिने नाही म्हटलं. काकूंना वाटलं, वीजबिलापायी नाही म्हणतेय. पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये आमच्याकडे पाठ. मग कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना हिने त्यांना सगळं नीट समजावलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली, आणि आता काकूच इतरांना सांगत फिरतात की त्या घंटीला हात लावायचा नाही. तुमच्या सोसायटीतही असंच होणार. आधीच सांगून ठेवा.

सुटं धान्य आणलं की निवडायला मात्र कंटाळा करू नका. दुकानात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरत असतं. नागलीचं सोपं आहे, बारीक चाळणीतून चाळली की ती खाली आणि गव्हाचा दाणा वर. ज्वारी डोळ्यांनीच निवडावी लागते. चाळणी नवीनच घ्या, जुनीच्या जाळीत कणीक बसलेली असते. लाकडी पोळपाट-लाटण्याचंही तसंच. स्टीलची भांडी मात्र स्वच्छ घासली की झालं, त्यांची उगीच धास्ती नको.

आणि हिंग! फोडणीतली ती चिमूट कुणाच्या लक्षात येत नाही. डबीतला हिंग म्हणजे शुद्ध डिंक नव्हे, त्यात पीठ मिसळलेलं असतं, कधी तांदळाचं, बरेचदा गव्हाचं. मागची बारीक अक्षरं वाच. तयार मसाल्यांचंही तेच. वरच्या रश्श्यात मी हिंग मुद्दामच सांगितला नाही. काळा मसालाही आई घरी करते तो, त्यातला पाकीटभर पाठवतोय.

तू विचारलंस, गव्हाचा आणि याचा संबंध लागला तरी कसा? विलेम डिक नावाचा एक डच बालरोगतज्ज्ञ होता. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. बाकी माणसं खंगत होती आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. छकुलीला ही गोष्ट सांग, ‘मलाच का’ असं विचारेल तेव्हा उपयोगी पडेल. आमच्या कन्येला तर ट्युलिपची भाजी कशी करत असतील याचीच जास्त चिंता होती.

भाऊबीजेनंतर चौघंही इकडे या. फराळाचं म्हणशील तर बेसनाचे लाडू, अनारसे, पोह्यांचा चिवडा, घरघंटीवर दळलेल्या भाजणीची चकली, सगळं तिला चालेल असंच असणार. करंज्या आणि शंकरपाळी यंदा आमच्या घरात शिरणारच नाहीत, तेव्हा तूही पिशवीतून आणू नकोस. सोमेश्वरला जाऊ, पण डबा आपलाच. हॉटेलात भात मागवला तरी तोच डाव आधी कशात बुडाला होता हे आपल्याला कळत नाही.

तिला विचारून ठेव, भाकरी बाजरीची हवी की नागलीची. आणि धाकट्याचा रिपोर्ट आला की लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
नाशिककर

ता. क. मसाल्याच्या पाकिटात ओला चमचा घालू नका. फ्रीजमध्ये ठेवलात तर उन्हाळ्यापर्यंत पुरेल.