दोन ब्लँकेटं कमी

खडकी, पुणे
३ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज घट बसले असतील. आई, या वर्षी उठता-बसता उपास कर म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नसशीलच. निदान गुडघ्यांची गोळी तरी रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि तुला सांगायला घेतलं की मध्येच कुणीतरी ताक मागायला येतं. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा, आणि आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

परवा काकांचा फोन आला होता. म्हणाले, बाबा पारावर सांगत होते, आमच्या पोरानं पुण्याच्या पुरात बोट घालून माणसं बाहेर काढली. बाबा, मी त्या बोटीत पायसुद्धा ठेवला नाही. पोहायला मी कुठं शिकलोय हे तुम्हाला माहीत आहे, आपल्या माणदेशात विहिरीला पाणी असेल तर ना! बोटी घालणारे दुसरे होते. अग्निशमन दलाचे, एनडीआरएफचे आणि आमचे इंजिनिअर लोक. मी गाडीच्या मागच्या फळीवर उभा होतो. ब्लँकेटं, पाणी, बिस्किटं आणि चहा देत होतो. युनिटच्या मोठ्या साहेबांनी नंतर सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तो फोटो तुम्हाला पाठवला, आणि चूक तिथंच झाली. फोटोत बोट दिसते, पण ती मागं उभी करून ठेवलेली होती.

तुम्ही गोष्टीत ती बोट का घातलीत तेही कळतं. पहिल्या पोस्टिंगला मी स्टोअरकीपर आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणाला होता, फौजेत जाऊन पोतीच मोजायची होती तर मार्केट यार्डातला काटा काय वाईट होता. ते मला लागलं होतं. आता दोन फिती लागल्या, हाताखाली तीन पोरं आहेत, तरी अजून मी पोतीच मोजतो. तेव्हा त्या दिवशी खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकतो.

२५ जुलैची पहाट. रात्रभर पाऊस, आणि खडकवासल्यातून सुमारे पस्तीस हजार क्युसेकनं पाणी सोडलेलं. सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात. खालच्या मजल्यावरची माणसं झोपेतून उठली तेव्हा घरात पाणी होतं. आम्हाला हुकूम आला तसे आम्ही निघालो. ऐंशी ब्लँकेटं मी स्वतः मोजून गाडीत घातली. ही युनिटची होती, म्हणजे द्यायची आणि परत घ्यायची. म्हणून रजिस्टर. क्रमांक, नाव, सही. हे सगळं मला झोपेतही जमतं.

ज्या हॉलमध्ये माणसं आणून बसवत होते तिथं दाराशी टेबल टाकलं, रजिस्टर उघडलं आणि लाइन लावायला सांगितलं. लाइन छान लागली. अर्धी ब्लँकेटं गेली तेव्हा मला वाटलं, काम चोख चाललंय.

तेवढ्यात माझ्या तीन पोरांतलं एक दहाएक ब्लँकेटं खांद्यावर टाकून लाइन सोडून आत निघालं. अग्निवीर, वीस वर्षांचा, ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला. म्हणून त्याचं नावच आम्ही गंजाम पाडलंय. मी ओरडलो, कुठं चाललास, सही कोण घेणार? तो थांबला. म्हणाला, "उस्ताद, जो बैठे हैं वो लाइन में नहीं आएँगे."

मी मान वर करून पहिल्यांदा हॉलकडं बघितलं. तोवर मी रजिस्टरकडंच बघत होतो. लाइनीत होते ते धडधाकट लोक. भिंतीला टेकून बसले होते ते म्हातारे. एक आजी ओलं लुगडं अंगावर तसंच ठेवून बसलेल्या, दात वाजत होते. तिच्या शेजारचा नातू लाइनीत उभा राहून स्वतःसाठी ब्लँकेट घेऊन आला होता आणि ते पांघरून मोबाइलला रेंज शोधत होता. त्याला काय बोलायचं? मीही तेच करत होतो.

आई, त्या पोराला मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पण ब्लँकेटं काही त्यानं खाली ठेवली नाहीत.

टेबल बंद केलं. रजिस्टर घेऊन मीच भिंतीकडून सुरुवात केली. तिथं एक गृहस्थ होते, सत्तरीच्या पुढचे, ओला सदरा पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांना ब्लँकेट दिलं आणि सवयीनं पेन पुढं केलं. त्यांनी पेनाकडं बघितलं आणि ब्लँकेट माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाले, राहू द्या हो, दुसऱ्या कुणाला द्या. आम्ही घेणारे लोक नाही, दरवर्षी देतो आम्ही.

बाबा, तुम्ही सुकडी का खात नाही ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, बैल विकला त्या रात्री. बहात्तरच्या दुष्काळातलं. तुम्ही सतरा वर्षांचे, आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. सुकडी वाटणारा माणूस एकेकाचं नाव पुकारायचा आणि मोठ्यानं "हजर" म्हटल्याशिवाय माप उलटं करायचा नाही. आजीला चारचौघांत तसं ओरडून मागणं सोसायचं नाही. मग तिच्या नावाला तुम्ही हजर म्हणायचात, आणि लोक हसायचे. तुमच्या ताटात कुणी सुकडी वाढली की तुम्ही ताट सरकवता, आणि आई दरवेळी म्हणते, नाटकं.

मला त्या हॉलमध्ये ते आठवलं. मी पेन खिशात ठेवलं. पुढं एकाही माणसाला नाव विचारलं नाही. रजिस्टरमध्ये एक आडवी ओळ लिहिली, "हॉलमधील रहिवासी, एकूण ३८", आणि खाली माझी सही केली.

त्या गृहस्थांनी नंतर ब्लँकेट घेतलं, पण मी दुसरीकडं बघत असताना. ते सारखे सदऱ्याच्या खिशाला हात लावत होते, हे गंजामच्या लक्षात आलं. माझ्या नाही. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत इन्सुलिनची पेनं होती. घरातला फ्रिज पाण्यात, सगळीकडची लाइट गेलेली, आणि मागायचं कुणाकडं? आमच्या गाडीत दुधाचा आइसबॉक्स होता. डॉक्टर साहेब म्हणाले, ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया गेलं.

आता इथं मात्र पोती मोजणारा कामाला आला. लेहला दोन वर्षं मी काय करत होतो? झोजिला खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत हिवाळ्याचं सगळं वर पोचवायचं, पीठ, डाळ, रॉकेल, आणि पोचलेलं टिकवायचं. तिथं माल गार ठेवायची चिंता नसते, तो गोठू न देण्याची असते. अंडी दगडासारखी व्हायची, बटाटे काळे पडायचे. कागदात गुंडाळून, फळ्यांवर ठेवून, भिंतीपासून लांब. तेच केलं. वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात पेनं ठेवली, डब्याखाली जाड गोणपाट, प्रत्येकावर स्केचपेननं नाव. (इथं नाव विचारायला कुणाची हरकत नव्हती.) दुपारपर्यंत सात जणांची झाली. मग मी माझ्या पोरांना सांगितलं, काय पाहिजे असं विचारू नका. लोक काही नको म्हणतात. बीपीची गोळी सकाळची घेतली का, चहा बिनसाखरेचा का, बाळाची बाटली आहे का, असं एकेक विचारा. बायकांच्या वस्तूंचं विचारायला आमच्यातला कुणी धजेना. मग सोसायटीतल्याच एका शिक्षिका बाईंना यादी करायला बसवलं. त्यांनी पाच मिनिटांत केली. ते सामान मी गाडीत घेतलंच नव्हतं. आता माझ्या यादीत ते पहिल्या पानावर आहे.

संध्याकाळी ते गृहस्थ आपण होऊन बोलायला आले. एकसष्टला ते आठ वर्षांचे होते, नारायण पेठेत राहायचे. म्हणाले, पानशेत फुटलं त्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. त्या पोत्यांनी धरण काही तास जास्त तगलं, म्हणून पाणी शहरात दिवसा आलं. रात्री आलं असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. एवढं बोलून विचारलं, तुम्ही काय करता फौजेत? मी म्हटलं, पोती मोजतो. ते हसले नाहीत.

रात्री परतताना गंजामला मी विचारलं, तुला कसं सुचलं? फायलिन वादळ आलं २०१३ ला तेव्हा तो नऊ वर्षांचा. तिकडं लाखो लोकांना आधीच हलवून निवाऱ्यात नेलं होतं. हा आणि त्याची आजी एका शाळेत. भात लाइनीत वाटला जात होता. आजी भिंतीशी बसून राहिली आणि ह्याला कुणी सांगितलं नाही की तिच्यासाठी वेगळं मागता येतं. "मुझे लगा, उसने खा लिया होगा," म्हणाला. बस्, एवढंच. मी सॉरी म्हटलं. फौजेत आपल्याहून लहानाला सॉरी म्हणायची फारशी पद्धत नाही, त्यामुळं दोघंही अवघडलो.

परत आल्यावर मोजली तर अठ्ठ्याहत्तर. दोन ब्लँकेटं कमी, आणि अडतीस जणांची सही नाही. सुभेदार साहेबांपुढं रजिस्टर ठेवलं. साहेब चिपळूणकडचे, कागदाला पक्के, एका सुतळीच्या बंडलासाठी मला दोन तास उभं केलेलं आहे. त्यांनी ती आडवी ओळ दोनदा वाचली. मग भिंतीकडं बोट केलं. तिथं त्यांनी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स लावली आहे. दाणावैरण जपून वापरा, आत्ताच संपवलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नका, उंदीर वात पळवून नेईल. नव्या पोरांना साहेब हे वाचून दाखवतात, उंदरावर सगळे हसतात. मला म्हणाले, यात दोन गोष्टी आहेत, माल जपा आणि रयतेला त्रास देऊ नका. तू दुसरी केलीस. पहिलीचं लेखी दे.

लेखी दिलं. महिन्याभरानं एक ब्लँकेट गेटवर आलं. धुऊन, इस्त्री करून, लाँड्रीची चिठ्ठी कोपऱ्याला तशीच टाचलेली. कुणी आणून दिलं ते संत्रीनं विचारलं नाही. दुसऱ्याचा पत्ता नाही, ते माझ्या नावावर आहे. आईला वाटत असेल पगार कापतील. कापू देत.

बाकी कामाचं. आई, तू माझ्यावर अवलंबून असल्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदांतली नोंद, निघाली आहे. दिवाळीनंतर तुला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलात गुडघे दाखवायला आणायचंय. ज्वारीची पेरणी आटोपली की बाबांनी तारीख कळवावी, स्वारगेटला मी येतो.

दिवाळीला मला पाच दिवस सुट्टी मिळतेय. गंजामला घरी जाण्याएवढी सुट्टी नाही, तेवढे दिवस गाडीतच जातात. म्हणून त्याला घेऊन येतोय. चार वर्षांनी चारातला एकच फौजेत राहणार, त्यामुळं पुढचं काय, हे त्याला सगळे विचारतात. आपण विचारू नये. तो भात खातो, भाकरीला दोन दिवस द्या. आणि बाबा, जमलं तर त्याला आजीची ती हजरवाली गोष्ट सांगा. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या हिंदीत ती नीट येईना, आणि मी त्या कामावर नव्हतो.

येताना पुण्याहून काय आणू ते कळवा. परत जाताना ज्वारीचं पोतं मात्र माथी मारू नका, मागच्या वेळी एसटीवाल्यानं त्याचं वेगळं तिकीट फाडलं.

तुमचा,
धाकटा