विष अन्नात किती, एवढेच पुरे नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

धान्यात बुरशीजन्य विष किंवा जड धातू किती आहे हे मोजणाऱ्या प्रयोगशाळांसाठी पैशाची तरतूद होते आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या डायलिसिससाठीही होते. या दोन टोकांच्या मधला प्रश्न, म्हणजे ते विष मूत्रपिंडात पोचल्यावर तिथल्या कोणत्या प्रथिनाला चिकटते आणि त्यानंतर पेशीत काय घडते, हा मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र आणि दीर्घ मुदतीचा निधी असावा, या विनंतीसाठी हे पत्र आहे.

कॅडमियमचे पाहा. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातखाचरांत खाणीच्या सांडपाण्यातून हा धातू उतरला आणि त्यातूनच ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा आणि मूत्रपिंडांना इजा करणारा आजार झाल्याचे तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. अन्नातून आलेले कॅडमियम यकृतात मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात बांधले जाते (हे प्रथिन १९५७ मध्ये प्रथम सापडले तेही घोड्याच्या मूत्रपिंडात). बांधलेले असते तोवर धातूचा उपद्रव कमी असतो. परंतु हे प्रथिन इतके लहान असते की ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरते, आणि पुढे गाळणीखालच्या बारीक नलिकेच्या पेशींवर बसलेली मेगॅलिन आणि क्युबिलिन ही ग्राहक प्रथिने, कामाचे प्रथिन लघवीवाटे वाया जाऊ नये म्हणून, त्याला धातूसकट आत ओढून घेतात. पेशीत प्रथिनाचे विघटन होते, धातू मोकळा होतो आणि १० ते ३० वर्षे तिथेच ठाण मांडून बसतो. शरीराची काटकसर शरीराच्याच अंगाशी येते ती अशी.

ऑक्रॅटॉक्सिन-ए या बुरशीजन्य विषाची वाट याच्या उलट आहे. तृणधान्ये, कॉफी आणि मनुका यांत आढळणारे हे विष रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला ९९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात चिकटलेले असते, त्यामुळे ते गाळणीतून फारसे उतरतच नाही. त्याला रक्ताच्या बाजूने नलिकेच्या पेशीत नेतात ती ओएटी-१ आणि ओएटी-३ ही वाहक प्रथिने. उंदराच्या रक्तातून ते एक-दोन दिवसांत निम्मे होते. माणसात त्याला सुमारे ३५ दिवस लागतात असे आपण धरून चालतो, आणि हा बहुधा सर्वत्र वापरला जाणारा आकडा एकाच स्वयंसेवकावरील मोजमापातून आलेला आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००६ मध्ये या विषासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे १२० नॅनोग्रॅम ही साप्ताहिक मर्यादा ठरवली होती; २०२० मध्ये ती मागे घेतली गेली, कारण मूत्रपिंडातील गाठी हे विष नेमके कोणत्या यंत्रणेने घडवते याची खात्री देता येत नव्हती. यंत्रणा कळली नाही तर मर्यादेचा आकडाही डळमळतो, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

प्रथिनांच्या अभ्यासाच्या आमच्या क्षेत्राची उणीवही झाकून ठेवू नये. मानवी अल्ब्युमिनच्या ५८५ अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन एकच आहे, २१४ व्या स्थानी. त्यावर २९५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते उजळते, आणि विषाचा एकेक थेंब मिसळत गेले की ती चमक मंदावत जाते. त्या मंदावण्यावरून पकड किती घट्ट आहे याचा अंदाज बांधतात. पण विष स्वतःच तो प्रकाश शोषत असेल तर चमक तशीही कमी होते, आणि ही दुरुस्ती न करताच काढलेले निष्कर्ष मी पुष्कळ वाचले आहेत. संगणकावर विषाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसवून दाखवणे तर त्याहून स्वस्त पडते. अल्ब्युमिन सहज विकत मिळते म्हणून अभ्यास त्याच्याचभोवती फिरत राहतात. मेगॅलिन आणि वाहक प्रथिने हाताळायला अवघड, म्हणून ती मागे पडतात.

म्हणून निधी देताना काही अटी घालाव्यात. संगणकीय अंदाजाला मानवी नलिकापेशींवरील प्रयोगाची जोड सक्तीची असावी. कॅडमियम आणि ऑक्रॅटॉक्सिन एकाच ताटातून पोटात जाऊ शकतात, तेव्हा मिश्रणांचा अभ्यासही व्हावा. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल ही औद्योगिक रसायने सुटी असताना तुलनेने सौम्य असतात; पण एकत्र आल्यावर नलिकेत खडे धरतात, हे २००७ मध्ये दूषित खाद्यातून दगावलेल्या पाळीव प्राण्यांत दिसले आहे. नकारात्मक निष्कर्षही सर्वांसाठी खुले व्हावेत.

रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ठळकपणे वाढते तोवर मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी क्षमता गेलेली असू शकते. नलिकेला इजा झाली की लघवीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा किम-१ ही प्रथिने त्याच्या कितीतरी आधी वाढू लागतात. अन्नतपासणीत दूषित माल सापडेल त्या भागात या दोन चाचण्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू करता येतील, आणि त्यांचे निकाल प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना मिळावेत एवढी व्यवस्था आपल्या खात्याच्या एका आदेशाने होऊ शकते. तो आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला विनम्र,
प्रथिनांचा एक अभ्यासक