दरपत्रकात घोड्याचे वजनही हवे

माथेरानमधील घोडेस्वारीच्या दरांविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. दरावर बरीच चर्चा आहे. घोड्याने किती ओझे वाहावे, यावर मात्र एक ओळही नाही.

स्वार आणि खोगीर-लगामासह सारे सामान मिळून ओझे घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या २००८ सालच्या अभ्यासात २५ टक्के ओझ्यापासूनच हृदयाचे ठोके जास्त पडले आणि पाठीचे स्नायू दुखरे, ताठर झाले. रुंद कंबरेच्या घोड्यांना त्रास कमी झाला. ही चाचणीही सपाट रिंगणातली. माथेरानचा दगडगोट्यांचा चढ-उतार वेगळाच.

घोड्याचे वजन काढायला काटा लागत नाही, टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९०० म्हणजे अंदाजे किलो. घेर १५५, लांबी १३५ असेल तर घोडा २७३ किलोचा. त्याची मर्यादा ५५ किलो. आठ किलोचे खोगीर वजा जाता स्वार ४७ किलोचा! त्यावर ८० किलोचा पर्यटक, वर पुढ्यात मूल, हे ओझे ३० टक्क्यांच्याही पलीकडे जाते. वृद्ध, लंगडत्या किंवा गाभण जनावराला तर २० टक्केही जास्तच.

माथेरानला येणारी वाहने जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर माणसांसाठी साधा वजनकाटा ठेवावा आणि प्रत्येक घोड्याच्या परवान्यावर त्याची ओझ्याची मर्यादा लिहावी.

– एक पशुवैद्यक, पुणे